जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपला फोर-व्हील टाकलं की स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो. अख्खा ट्रान्सफर केस बदलू का?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. नातेवाइकाकडून घेतलेली ५४०, मागचा ऍक्सल कधीतरी दुसऱ्या गाडीचा टाकलेला, टू-व्हीलमध्ये झकास पळते पण फोर-व्हील टाकलं की गाडी आवळल्यासारखी होते, वळताना स्टिअरिंग ओढावं लागतं, लिव्हर परत निघत नाही, आणि लो मध्ये (जास्त जोराच्या, हळू चालीच्या गिअरमध्ये) उताराला लागलं की गिअर सुटतो. गॅरेजवाले म्हणायलेत की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सच्या मागचा डबा, जो जोर पुढच्या-मागच्या ऍक्सलला वाटतो) गेला, तो बदला नाहीतर पुढचा शाफ्टच (पुढच्या ऍक्सलला जोर नेणारा दांडा) काढून टाका, आणि आता खोलतोच आहोत तर पाच गिअरचा बॉक्स बी बसवून घ्या.

माझं म्हणणं, आत्ता एक बी पार्ट बदलू नका. आधी पुढच्या आणि मागच्या डिफरन्सचा (ऍक्सलच्या गोळ्यातले गिअर) रेशो मोजा, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे फिरतो ते. मागचा ऍक्सल बदललेला आहे हे तुम्हीच लिहिलंय ना, मला तिथंच गोम दिसायलीय.

कसं आहे, या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधी डिफरन्स नसतो, फोर-व्हील टाकलं की ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकमेकाला कुलूप लावल्यासारखे जोडतो, दोघांनी सारखंच फिरायचं. आता जुन्या जीपांमधी क्राऊन-पिनियन (डिफरन्समधला मोठा आणि छोटा गिअर) वेगवेगळ्या दातांचे सापडतात, ४३ ला ८ म्हणजे ५.३८, ३९ ला ८ म्हणजे ४.८८, ४७ ला ११ म्हणजे ४.२७. पुढं ५.३८ आणि मागं ४.८८ असं बसलं की फरक दहा टक्क्याच्या आसपास जातो, म्हणजे पुढची चाकं १०० मीटर जायला लागली की मागची ११० मीटर जायला बघणार. चिखलात चाकं घसरून तेवढं भागवून घेतात, पण कडक रस्त्यावर तो सगळा ताण शाफ्टमधी, क्रॉसमधी (शाफ्टच्या टोकाचा सांधा) आणि ट्रान्सफर केसच्या दातावर साठत जातो. लिव्हर अडकतो तो याच्यामुळं, दात एकमेकावर इतके दाबलेले असतात की सरकता गिअर सरकतच नाही. असल्या गाडीत नवा ट्रान्सफर केस टाकला तरी तो बी तसाच अडकणार आणि थोड्या दिवसात खराब होणार, पैसे मातीत.

मोजायचं कसं ते सांगतो, घरी जमतं, फक्त जॅक, स्टॅन्ड आणि खडू लागतो. सपाट जागा बघा. मागचं मोजताना पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावा (हे चुकवू नका, गिअर न्यूट्रल ठेवायचाय आणि गाडी सरकली तर माणूस खाली असतो). मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवरच राहू द्या. हँडब्रेक सोडा, कारण बऱ्याच जुन्या जीपांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवरच असतो, तो ओढलेला असला तर शाफ्ट फिरणारच नाही. चाकावर एक खूण, शाफ्टवर एक खूण. आता उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. दोन फेरे यासाठी की एक चाक जमिनीवर थांबलेलं असल्यावर क्राऊन चाकाच्या निम्माच फिरतो. शाफ्ट पाच फेरे आणि वर एक-तृतीयांशाच्या थोडा पुढं गेला तर ५.३८, पाचला थोडा कमी पडला तर ४.८८, सव्वाचार झाला तर ४.२७. मग पुढचं तसंच मोजा, दगड मागच्या चाकांना लावून, लिव्हर फोर-व्हीलमधून टू-व्हीलवर आणून, आणि लॉकिंग हब (पुढचं चाक ऍक्सलला जोडायचा-सोडायचा खटका) असतील तर ते लॉक करून, नाहीतर चाक फिरेल आणि शाफ्ट जागचा हलणार नाही.

मोजूनबी शंका राहिली तर डिफरन्सचं कव्हर खोला, तसं बी ऑइल बदलायलाच झालं असणार. क्राऊनची कड फडक्यानं पुसली की दातांचे आकडे बऱ्याचदा ठोकलेले दिसतात, ३९ आणि ८ असे. नाही दिसले तर खूण करून दात मोजा, त्याच्यात काही विद्या नाही.

आणखी एक बघा, गाडी आवळलेली असतानाच कधी जॅक लावला तर चाक जमिनीवरून सुटताक्षणी स्वतःहून झटका मारून फिरतं. हात तिथं ठेवू नका. पण तो झटका म्हणजे ताण साठल्याचा पक्का पुरावा, फक्त हे लक्षात असू द्या की डांबरीवर फोर-व्हीलमधी वळणं घेतली तर रेशो सारखे असलेली गाडी बी आवळते, कारण वळताना पुढच्या चाकांना जास्त लांबून जावं लागतं. म्हणून फोर-व्हील रानात, चिखलात, नदीच्या वाळूतच टाकायचं. लिव्हर अडकला तर हातोडा नका मारू, सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतो. पुढचे-मागचे टायर बी एकाच मापाचे पाहिजेत, मागं मोठे टाकून पुढं बारके ठेवले तरी हेच दुखणं होतं.

रेशो वेगळे निघाले तर मी पुढचा ऍक्सल न हलवता मागचा पुढच्याच्या रेशोला आणेन. पुढचं काम किचकट असतं, नकल (चाक वळवणारा सांधा), त्याच्या किंगपिनचे शिम (फट भरायच्या पातळ चकत्या), आतला क्रॉस, सगळं उघडावं लागतं. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घ्यायचे, दोघांवर सारखा नंबर कोरलेला असतो, एकीकडचा क्राऊन आणि दुसरीकडचा पिनियन कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडून परत पाठवा, ती जोडी आवाज करणार आणि दात खाणार. खोलताना डाव्या-उजव्या बाजूचे शिम वेगळे बांधून ठेवायला सांगा, बेरिंग कॅपवर पंचानं खूण करायला सांगा, आणि बसवल्यावर दाताला निळा रंग लावून घासण कुठं पडते ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. जो मिस्त्री हे करत नाही त्याच्याकडं डिफरन्स देऊ नका, मग तो कितीबी ओळखीचा असो. आपल्याकडं लातूर, संभाजीनगरला जुन्या जीपवर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत, वयस्कर आहेत, पण त्यांना या गाड्या कान लावून कळतात. पार्टसाठी इथं नाहीच मिळालं तर मुंबईत कुर्ला, दिल्लीत नवीन मालाला काश्मिरी गेट आणि जुन्याला मायापुरी.

आता लो सुटतो त्याचं. ते वेगळं दुखणं असू शकतं, आणि तिथं बी स्वस्तापासून सुरुवात करा. आधी गिअरबॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे माउंट रबर बघा, तुटले असले की गाडी उताराला लागून इंजिन अडवायला लागलं की अख्खा बॉक्स हलतो आणि लिव्हर ओढला जातो. मग लिव्हरच्या पिना आणि बुश. मग शिफ्ट रॉडला धरून ठेवणारी गोळी आणि तिची स्प्रिंग, दोन्ही किरकोळ किमतीच्या, पण स्प्रिंगचा जोर गेला की गिअर टिकतच नाही. हे सगळं ठीक असेल तर मग मधल्या गिअरचा शाफ्ट, नीडल बेरिंग आणि थ्रस्ट वॉशर. मधला गिअर हातानं हलवून पुढं-मागं झोल लागतोय का बघा. तो किट बदलला की बहुतेक जुने केस परत उभे राहतात, बॉडीला तडा नसेल तर फेकायचं कारणच नाही. हा केस गिअरवर चालतो, आत चेन नाही, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकतो.

पुढचा शाफ्ट काढून टाकायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. श्रावणात काळ्या रानात उसाच्या फडापर्यंत जायचं तर पुढची चाकं ओढणारी पाहिजेतच, आणि लो मधी सगळा जोर एकट्या मागच्या ऍक्सलवर गेला तर तो मोडायची वाट बघत बसावं लागेल. या केसमधी फोर-व्हील लागल्याशिवाय लो लागत नाही, ती अडवणूक बनवणाऱ्यानं उगं ठेवलेली नाही.

पाच गिअरच्या बॉक्सचं म्हणाल तर हायवेला रोज पळवायची असेल तरच विचार करा. बॉक्सची लांबी बदलली की दोन्ही शाफ्टची लांबी आणि उतार बदलतो, शाफ्ट कापून वेल्ड करून बॅलन्स करावा लागतो, दोन्ही टोकाचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत नाही बसले तर ४० च्या पुढं गाडी थरथरते आणि क्रॉस टिकत नाहीत. आणि तुमच्या केसचं मागचं तोंड मधोमध नसून एका बाजूला असतं, म्हणून डिफरन्सबी त्याच बाजूला सरकलेला लागतो, मधोमध डिफरन्सवाला ऍक्सल आणून कोणी बसवतो म्हणाला तर शाफ्ट तिरका चालणार. इंजिन बदलायचं मनात आलं तर आधी आरटीओत विचारा, इंजिन नंबर आरसीवर असतो.

ऑइलचं राहिलंच. डिफरन्सला जीएल-५ (डब्यावर लिहिलेला ऑइलचा दर्जा) चं ९० नंबर, पण गिअरबॉक्समधी पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असतात, तिथं जीएल-४ च घाला. ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर ओढ्यातून पाणी शिरलेलं आहे. आणि सील बदलून बदलून बी गळतंय म्हणून सील आणायच्या आधी ऍक्सलवरचा ब्रीदर खोलून फुंकून बघा, आपल्या काळ्या मातीनं तो बुजतो, आतली गरम हवा बाहेर जायला जागा राहत नाही आणि ती सीलमधून ऑइल ढकलते.

दोन्हीकडचे रेशो मोजून आकडे इथं टाका, टायरचं माप बी लिहा, मग कोणता क्राऊन-पिनियन घ्यायचा ते सांगतो.