पुरस्कार मिळालेली वार्ताहर आणि साखळीची बारावीतली मुलगी

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. अभ्यासात बरी आहे. तिने बी.एस्सी., बी.एड. करून शिक्षिका व्हावं अशी आमची इच्छा. पण विद्यालयाच्या कार्यक्रमाला इथल्या एका वृत्तवाहिनीची वार्ताहर पाहुणी म्हणून आली होती, तिला पुरस्कार मिळालेला आहे. तेव्हापासून मुलगी टीव्ही रिपोर्टरच व्हायचं म्हणते. यात पोट भरतं का? मुलीसाठी सुरक्षित आहे का? आणि आमचं शिक्षण-वाचन सगळं मराठीत. कोकणी वाहिनीवर तिचा निभाव लागेल का?
– एक पालक, साखळी (गोवा)

नमस्कार.

पैशाचं आधी सांगून टाकते. गोव्यातल्या वाहिनीवर नव्या वार्ताहराला मिळणारा पगार सरकारी शिक्षिकेच्या पगाराच्या जवळपासही जात नाही. तालुक्यात राहून बातम्या देणाऱ्यांना तर कित्येकदा बातमीमागे मानधन मिळतं. बातमी लागली नाही तर तेही नाही. पुढे पगार वाढतो, पण हळूहळू. लग्न, घराचे हप्ते सुरू झाले की बरेच जण जनसंपर्काच्या नोकरीकडे वळतात. सुरुवातीची काही वर्षं घरातून थोडा आधार देता येईल का, याचा हिशेब तुम्ही आजच मांडा.

मुलीच्या डोक्यात पुरस्कार बसला आहे, म्हणून त्याबद्दल. पत्रकारांचे सत्कार ६ जानेवारीच्या मराठी पत्रकार दिनाला आणि १६ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय पत्रकार दिनाला गर्दीने होतात. काही पुरस्कारांना केलेलं काम पाठवावं लागतं आणि परीक्षक ते तपासतात. इंडियन एक्स्प्रेस समूहाचे रामनाथ गोएंका पुरस्कार त्यातले. काही पुरस्कार मात्र असे, की शाल-श्रीफळ दिलं की दुसऱ्या दिवशी देणाऱ्याचीच बातमी लागते. त्या ताईंना कशासाठी पुरस्कार मिळाला, हे मुलीला विचारा. ‘कोणती बातमी?’ याचं उत्तर तिच्याकडे नसेल तर तिला व्यासपीठ आवडलं आहे, काम अजून तिने पाहिलेलं नाही. यात तिचा दोष नाही. काम पडद्यावर दिसतच नाही.

दिसतं काय, तर दीड मिनिट. शेवटी बूम, म्हणजे वाहिनीचा माईक, हातात धरून केलेला पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून बोललेला तुकडा. त्या दीड मिनिटासाठी सकाळी पणजीच्या आझाद मैदानावरचं आंदोलन, दुपारी पर्वरीला विधानसभा किंवा पत्रकार परिषद, दोन बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या प्रतिक्रिया, मिळवायला चार जणांच्या दारात उभं राहणं, गाडीत बसून स्क्रिप्ट, डेस्कवरून ‘व्हिज्युअल कुठे आहेत?’ असे फोन. आणि लहान वाहिनीत कॅमेरामन नसला तर मोबाईलवर शूटिंगही स्वतःच. एवढं करून बातमीपत्रात जागा नाही म्हणून बातमी गळते, तेही नेहमीचं.

या सगळ्यातून पुरस्काराजोगं काम कसं उभं राहतं, ते तुमच्याच गावावरून सांगते. वाळवंटी नदीला पूर आला की साखळीच्या बाजारात सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे येतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून बोलणं कोणालाही जमतं. पण नदीतला गाळ शेवटचा कधी काढला, त्याचं बिल कोणी मंजूर केलं, कोणत्या भरावामुळे ओहोळ अडला, हे विचारायला उन्हाळ्यात यावं लागतं, जेव्हा कॅमेऱ्याला दाखवायला काहीच नसतं. खाणींचंही तेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. तो निकाल दिल्लीत बसूनही वाचून दाखवता आला असता. पण खनिज वाहणाऱ्या ट्रकचं कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे, कोणाच्या शेतात खाणीची माती उतरली, आणि एकाच घरात एक भाऊ खाणीवर कामाला तर दुसरा विरोधात कसा, हे डिचोली-सत्तरीत वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसालाच सांगता येतं. एकाच भागात टिकून राहणं, कंटाळवाण्या बैठकांना बसणं, कागद जपून ठेवणं हाच या कामाचा मोठा भाग आहे. आरशासमोरच्या सरावाला माझी ना नाही, पण तो सगळ्यात सोपा भाग.

म्हणूनच बी.एस्सी.चा तुमचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही, फक्त कारण वेगळं. गोव्यातल्या मोठ्या बातम्या खाण, नदी, किनारा, जंगल यांच्या आहेत. पर्यावरण परिणाम अहवाल उघडून त्यातला नकाशा वाचू शकणारा वार्ताहर वाहिनीला सहज मिळत नाही. भूशास्त्र हा विषय मिरामारच्या धेंपे आणि मडगावच्या चौगुले महाविद्यालयात शिकवतात, त्याची चौकशी करा. पदवीनंतर पत्रकारितेसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. भारतीय जनसंचार संस्थानचं अमरावतीचं केंद्रही मराठी पत्रकारिता शिकवतं. बारावीनंतर थेट मास कम्युनिकेशनला जायचं तर म्हापसा आणि पणजीतही सोय आहे. पण माझं मत विचाराल तर आधी एखादा विषय पक्का करावा. कॅमेरा आणि एडिटिंग नोकरीत करता करता येतं, भूशास्त्र येत नाही.

भाषेची काळजी सोडा. साखळीच्या बाजारात तुमची मुलगी मासळी कोणत्या भाषेत घेते? कोकणीतच ना? सरावाची गरज आहे ती दक्षिण गोव्यातल्या सासष्टीची कोकणी ऐकून समजण्याची, कारण तिथल्या म्हाताऱ्या माणसाचा बाईट घेताना ‘परत सांगा’ म्हणत बसलं तर तो गप्प होतो. मराठी वाचन-लेखन तिच्या जमेची बाजू आहे: इथल्या मराठी दैनिकांचं दार उघडं राहतं, आणि महाराष्ट्रातल्या वाहिन्यांनाही गोव्यात माणूस लागतो, निवडणुकीत तर हमखास.

सुरक्षिततेबद्दल नोकरी घेतानाच सरळ विचारायचं: रात्रीच्या कामाला गाडी देता का, नेमणूक पत्र देता का, तक्रार समिती आहे का. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असावीच लागते. या प्रश्नांवर तोंड वाकडं करणारी जागा घेऊ नये. शिवाय मालकाचा दुसरा धंदा कोणता, तेही पाहून ठेवावं. खाणी आणि वृत्तपत्रं यांचं गोव्यातलं नातं जुनं आहे, वाहिन्यांनी ते शून्यातून सुरू केलेलं नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. आपल्याकडे ४० आमदार आणि एकेका मतदारसंघात साधारण तीस हजार मतदार. आमदार तुम्हाला नावाने ओळखतो, पंचायतीचा पंच (सदस्य) तुमच्या नात्यात असतो. मुलीने गावातल्या बेकायदा डोंगरकापणीची बातमी दिली तर धमकीचा फोन तिला बहुधा येणारच नाही. तो तुम्हाला येईल, आणि धमकीचा नसेल. चवथीला घरी आलेला मामा सहज म्हणेल, ‘बाय हुशार आहे, पण जरा सांभाळून घ्यायला सांगा.’ धाकट्या भावाच्या नोकरीचा अर्ज कुठेतरी अडकलेला असेल, त्याचाही विषय निघेल. मोठ्या शहरातल्या वार्ताहराला ही झळ घरापर्यंत लागतेच असं नाही. गोव्यात ती आधी घरातच लागते. बातमी खरी असूनही ‘कशाला उगाच’ म्हणून वडिलांनीच हात आखडायला लावला, की त्या मुलीचं काम तिथेच थांबतं. पुढे ती उद्घाटनांच्या बातम्या करत राहते. तेव्हा तिला जमेल का, यापेक्षा तुम्हाला ते फोन झेपतील का, हे तुम्ही आणि तिच्या आईने बसून ठरवायला हवं. झेपणार नसतील तर आजच तसं सांगा; शिक्षिकेचं काम काही कमी नाही.

परीक्षा झाल्या की एक करून पाहा. जवळच्या पंचायतीची ग्रामसभा बहुधा रविवारी असते. मुलीला तिथे शेवटपर्यंत बसू द्या, भांडणासकट. घरी येऊन तिने दोन मिनिटांत काय घडलं ते मोबाईलवर सांगावं, एकदा कोकणीत, एकदा मराठीत: कोणी काय विचारलं, सरपंचांनी कशाचं उत्तर टाळलं, किती पैशांचा प्रश्न होता. नंतर ज्याच्यावर टीका झाली त्याच्याकडे जाऊन त्याची बाजू विचारून यावी. पुढच्या ग्रामसभेला तिने सांगण्याआधीच चप्पल घातली, तर बी.एस्सी.च्या अर्जाबरोबर मला पुन्हा लिहा. वर्षभरात काय वाचायचं याची यादी पाठवते.