काऊबॉयच्या कादंबऱ्या लिहिणारे लेखक स्वतः कधी त्या मुलखात राहिले होते का? सुरुवात कोणापासून करावी?

बहुतेक जण नाही. झेन ग्रे न्यूयॉर्कमध्ये दातांचा डॉक्टर होता. मॅक्स ब्रँड या नावाने ढीगभर लिहिणाऱ्या फ्रेडरिक फाउस्टला खरं तर कवी व्हायचं होतं, आणि त्याच्या कितीतरी काऊबॉय कथा इटलीत, फ्लोरेन्सच्या बंगल्यात बसून लिहिलेल्या आहेत. जर्मनीचा कार्ल माय १९०८ मध्ये, साठी उलटल्यावर, पहिल्यांदा अमेरिकेला गेला. तेव्हाही पश्चिमेकडे पोचलाच नाही. यांच्या तुलनेत लुई लामूर जवळचा माणूस. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, मग खाणीत, बोटीवर, मिळेल तिथे मजुरी केली.

तरीही सुरुवात ग्रेपासूनच करा, असं मी आग्रहाने सांगेन.

१९०७ मध्ये तो बफेलो जोन्स नावाच्या माणसाबरोबर ॲरिझोनात गेला. हा जोन्स आधी रानरेडे मारायचा आणि पुढे तेच वाचवायच्या मागे लागला. ग्रँड कॅन्यनच्या काठावर कुत्री सोडून, फास टाकून तो डोंगरी सिंह (म्हणजे प्यूमा) जिवंत पकडायचा आणि ग्रे ते बघत होता. त्यावर लिहिलेलं पुस्तक हार्पर या प्रकाशनाने नाकारलं, पण ते कडे आणि तो उजेड ग्रेच्या डोक्यातून गेला नाही. पुढे त्याच हार्परने त्याच्या कादंबऱ्या छापल्या. त्याची बायको डॉली हस्तलिखितं तपासायची, प्रकाशकांशी व्यवहारही तीच बघायची. माझ्या मते तिच्याशिवाय झेन ग्रे हे नाव एवढं मोठं झालं नसतं.

‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ (१९१२) आधी वाचा. गोष्ट दक्षिण युटामधली, १८७१ सालची. त्यात एक लपलेली दरी आहे. वर चढायला दगडात खोदलेल्या जुन्या पायऱ्या, आणि वाटेच्या तोंडाशी, ढकलली की कोसळेल अशी तोललेली प्रचंड शिळा. ती शिळा दिसल्यापासून पुस्तक खाली ठेववत नाही. संवाद भडक आहेत, योगायोगही फार, पण जमीन अशी उभी करणारा दुसरा लेखक या प्रकारात मला भेटलेला नाही.

या सगळ्या प्रकाराची एक बाजू मात्र मला खटकते. तिथले मूळ रहिवासी बऱ्याचदा फक्त गोळी खायला किंवा नायकाचं शौर्य दाखवायला येतात. म्हणून ग्रेनंतर लगेच कॉनराड रिक्टर घ्या, आणि तो मराठीत घ्या, कारण जी. ए. कुलकर्णींनी त्याचे अनुवाद केले आहेत. ‘रान’मध्ये पेनसिल्व्हेनियाहून निघालेलं एक कुटुंब टेकडीवर थांबतं आणि समोर समुद्र पसरलाय असं त्यांना वाटतं. तो समुद्र म्हणजे झाडांचे शेंडे असतात, आणि त्याच्या खाली, ऊन पोचत नाही तिथे, त्यांना घर बांधायचं असतं. इथे बंदुकीपेक्षा कुऱ्हाड जास्त चालते. ‘रानातील प्रकाश’मध्ये लेनापे या तिथल्या मूळ रहिवासी जमातीत वाढलेल्या गोऱ्या मुलाला जबरदस्तीने आईबापांकडे परत पाठवतात. त्याला जायचंच नसतं.

ग्रेची वर सांगितलेली कादंबरी प्रताधिकारमुक्त आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळेल. जीएंचे अनुवाद आधी जवळच्या वाचनालयात शोधा.