नियम दिल्लीचा, पगार राज्याचा: मुलीला शिक्षिका व्हायचं आहे

पत्र: मी शेतकरी आहे. मुलगी बारावी आर्ट्सला आहे, तिला शिक्षिकाच व्हायचं आहे. गावात म्हणतात, शिक्षण आता सगळं दिल्लीच्या हातात गेलं, झेडपीच्या शाळा राहत नाहीत, केंद्राच्या शाळेतच नोकरी बघा. तिला डी.एड. करू द्यावं की बी.ए. करून बी.एड.? धाकटा मुलगा आठवीत, झेडपीच्याच शाळेत आहे. त्याच्यासाठीही काही सुचवा. (एक पालक, हिंगोली जिल्हा)

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

गावातलं बोलणं निम्मं खरं आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीपर्यंत शालेय शिक्षण हा राज्यांचा विषय होता. त्यानंतर तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे कायदा केंद्र आणि राज्य दोघंही करू शकतात आणि दोघांत खटका उडाला तर सहसा केंद्राचा कायदा टिकतो. १ एप्रिल २०१० पासूनचा शिक्षण हक्क कायदा केंद्राचाच. शिक्षक कोण होऊ शकतो ही पात्रताही दिल्लीतली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, अट तिनंच २०१० मध्ये घातली.

आता उरलेलं निम्मं. झेडपीच्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, त्याची बिलं शालार्थ या राज्याच्या ऑनलाइन पगार-प्रणालीत निघतात. शाळेत जागा किती, हे संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं मंजूर करताना, राज्य ठरवतं. भरती पवित्र पोर्टलवरून राज्यच करतं. केंद्राचा पैसा मुख्यतः समग्र शिक्षा योजनेतून येतो, त्यात केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस. पुस्तकं, गणवेश, प्रशिक्षण आणि बरीचशी करार पद्धतीची पदं या पैशावर चालतात. म्हणून समग्र शिक्षामधली कराराची जागा आणि झेडपीची नियमित जागा यांत गल्लत करू नका. दोन्हीकडे लोक ‘सर’, ‘मॅडम’ म्हणतात, पण फरक मोठा आहे.

तमिळनाडूचंच बघा. निवडक शाळा आदर्श करण्याच्या केंद्राच्या ‘पीएम श्री’ योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून त्या राज्याचा २०२४-२५ चा समग्र शिक्षाचा केंद्राचा हिस्सा अडला. रक्कम दोन हजार कोटींच्या वर, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका योजनेचा पैसा दुसऱ्या योजनेच्या सहीला बांधणं मला पटत नाही. पण अशा वेळी योजनेच्या पैशावर मानधन घेणाऱ्याला पहिली झळ बसते, हे नोकरी शोधणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

झेडपीच्या शाळा राहत नाहीत, ही तुमची भीती मात्र खोटी नाही. ते दुखणं दिल्लीपेक्षा कमी पटाचं आणि राज्याच्या धोरणाचं आहे. जागा कमी निघतील आणि भरती उशिरा होईल असं धरूनच चला.

डी.एड. की बी.एड. हा प्रश्न आता आवडीचा राहिलेला नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही. म्हणजे लहान मुलांना शिकवायचं असेल तर डी.एड. (कागदोपत्री आता डी.एल.एड.) हवंच. ते करून मुलीला झेडपीची पहिली ते पाचवी आणि केंद्रीय विद्यालयातली प्राथमिक शिक्षिकेची जागा उघडते. नवोदयची उघडत नाही, कारण नवोदय सहावीपासून सुरू होतं आणि तिथं पदवी, बी.एड. लागतं. हे पुष्कळ पालकांना दोन वर्षं गेल्यावर कळतं.

बी.ए., बी.एड.चा रस्ता सहावीच्या पुढे नेतो. त्यात एक गोष्ट बी.ए.चा प्रवेश घेतानाच बघायची असते. केंद्रीय शाळांत सामाजिक शास्त्राच्या पदासाठी इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांतले दोन विषय लागतात आणि त्यात इतिहास किंवा भूगोल असावाच लागतो. मैत्रिणीनं घेतला म्हणून समाजशास्त्र-मानसशास्त्र घेतलेल्या मुली पुढे इथंच अडतात. शिवाय तिथं हिंदी-इंग्रजीतून शिकवता यायला हवं आणि बदली देशात कुठंही होते. घरात हे आत्ताच बोलून घ्या.

माझं मत विचाराल तर लहान मुलांत ती रमत असेल तर डी.एड. करावं आणि पदवी मुक्त विद्यापीठातून पुरी करावी. एखाद्या विषयाची ओढ असेल तर बी.ए. नीट विषय निवडून. ‘लवकर नोकरी’ म्हणून डी.एड. करू नये. लवकर लागलीच तर झेडपीत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० रुपये मानधन असतं.

परीक्षा दोन्ही द्याव्यात. राज्याची टीईटी पुण्याची परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. दोन्हींत पेपर १५० गुणांचा, खुल्या प्रवर्गाला ९० हवेत, आणि एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पहिला पेपर पाचवीपर्यंत, दुसरा सहावी ते आठवीसाठी. अभ्यास बहुतांश एकच, फरक भाषेचा: सीटीईटीत मराठी भाषा-विषय म्हणून घेता येते, पण बाकी प्रश्न हिंदी-इंग्रजीत असतात. झेडपीसाठी टीईटीनंतर अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, वेगळी. टीईटीतून सुटका नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं पक्कं केलं. सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असलेल्या कामावरच्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत पास व्हायला सांगितलंय, आणि त्या खटल्यात महाराष्ट्रच प्रतिवादी होता.

आता धाकट्याचं. केंद्राचा पैसा थेट तुमच्या घरात येण्याची एक वाट त्याच्यासाठी यंदाच उघडी आहे: एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा असते. सातवीला ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत) आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, तेही मुलाच्या बँक खात्यात. फॉर्म शाळेमार्फत भरला जातो, तेव्हा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि मुख्याध्यापकांना या आठवड्यातच भेटा.