ईमिरला नट समजून बघा

तुम्ही विचारलंय की ‘ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ’ घरच्यांबरोबर लावला, प्राणी अडखळत चालतो म्हणून मुलं हसली, अर्ध्यात बंद करावा लागला. मग जाणकार म्हणवणारे लोक या १९५७ च्या कृष्णधवल सिनेमात एवढं बघतात तरी काय?

मी हा सिनेमा अनेकदा पाहिलाय आणि अजूनही आवडीनं बघते. माझं सांगणं एवढंच, की त्या प्राण्याला, म्हणजे ईमिरला, या सिनेमातला मुख्य नट समजा. बाकीची माणसं बेतास बात काम करतात. कर्नल आणि त्या डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलीचं प्रेमप्रकरण तर अगदीच पुचाट आहे, तेवढ्या वेळात खुशाल चहा टाकून या. पण प्राणी पडद्यावर आला की जागचं हलू नका.

त्याचं पहिलंच दृश्य घ्या. शुक्रावरून परतणारं अमेरिकन यान सिसिलीच्या किनाऱ्यालगत समुद्रात कोसळतं. पेपे नावाच्या पोराला वाळूत एक नळकांडं सापडतं. त्याला काउबॉयची टोपी हवी असते, म्हणून आतला जेलीसारखा गोळा तो एका प्राणिशास्त्रज्ञाला विकून टाकतो. रात्री त्या गोळ्यातून वीतभर जीव बाहेर येतो, दिवा लागतो, आणि तो जीव हातांनी डोळे चोळतो. झोपेतून उठवलेलं मूल चोळतं तसे. पुढे तो माणसाहून मोठा होतो, मग घराएवढा, पण आपण त्याला डोळे चोळताना पाहिलेलं असतं. त्यामुळे गोठ्यात त्याला दाताळं खुपसतात तेव्हा आपला जीव त्याच्यासाठी तुटतो. डिवचल्याशिवाय तो अंगावर येत नाही, हे सिनेमातलं एक पात्रच सांगतं. त्याचं ईमिर हे नाव मात्र सिनेमात एकदाही उच्चारलं जात नाही, ते आधीच्या संहितेतून आलेलं आहे.

हे सगळं रे हॅरीहाउसेन या एका माणसानं हातानं केलंय. आत सांध्यासांध्यांत वळणारा धातूचा सांगाडा, वरून रबराची कातडी. बाहुलं किंचित हलवायचं, एक फ्रेम टिपायची, पुन्हा किंचित हलवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. प्रत्येक वेळी पाय, हात, मान, शेपूट किती सरकवायचं हे डोक्यात ठेवायचं, आणि मधेच चुकलं तर तो शॉट पहिल्यापासून. शेपटीकडे मुद्दाम लक्ष द्या. ईमिर एका जागी उभा असतो तेव्हाही ती संथ वळवळत असते, म्हणून तो जिवंत वाटतो. नवशिक्यांचं बाहुलं थांबलं की मरतं.

मुलांना जे खटकलं त्याचं कारणही इथंच आहे. धावणारा माणूस कॅमेऱ्यानं टिपला तर प्रत्येक फ्रेममध्ये त्याचे हातपाय थोडे पुसट येतात, आणि ते पुसटपण आपल्या डोळ्याला सलग हालचाल म्हणून भावतं. बाहुलं फोटो काढताना स्थिर असतं, त्यामुळे प्रत्येक फ्रेम लख्ख येते आणि हालचालीला तो झटका येतो. मुलांना हे आधी सांगा. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना दाखवलं ते असंच फ्रेम फ्रेम टिपून, आणि पुढे आगकाड्या नाचवल्या त्याही असंच करून. घरी मोबाइल स्टँडवर लावून दहा सेकंद आगकाड्या चालवून बघायला सांगा. त्यानंतर मुलं ईमिरला हसणार नाहीत, याची मला खात्री आहे.

आता हा बाहुला रोमच्या रस्त्यात खऱ्या माणसांच्या मागे कसा उभा राहतो? आधी खऱ्या रस्त्याचं चित्रीकरण करायचं. ते छोट्या पडद्यावर मागून टाकायचं आणि त्याच्यापुढे टेबलावर बाहुलं ठेवायचं. कॅमेऱ्यासमोरच्या काचेचा खालचा भाग काळा रंगवायचा, म्हणजे चित्राचा तेवढा तुकडा कोराच राहतो. मग फिल्म मागे गुंडाळायची, वरचा भाग झाकायचा आणि त्याच चित्रातला खालचा तुकडा टिपायचा. बाहुलं दोन्हींच्या मधे अडकतं. मागचं चित्र जरा दाणेदार आणि फिकट दिसतं, त्यावरून हे ओळखता येतं. मला ते ओळखण्यात फार गंमत वाटते, आणि त्यानं रसभंग होतो असं मला कधीच वाटलेलं नाही. या युक्तीमुळे इमारती-रस्त्यांच्या छोट्या प्रतिकृती उभारायचा खर्च वाचला, आणि एवढ्याशा बजेटमध्ये ईमिर कलोसियमच्या भिंतीवर चढू शकला.

रोमच्या प्राणिसंग्रहालयातून ईमिर सुटल्यावरची हत्तीशी झुंज दोनदा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. काही शॉटमध्ये हत्ती खरा आहे, काहींत बाहुलं, आणि दोन्ही बाहुल्यांचं वजन एकमेकांवर पडताना जाणवतं. झुंजीच्या आधी हत्तीला खायला घालणारा एक माणूस दिसतो, तो हॅरीहाउसेन स्वतः.

२००७ मध्ये त्याच्याच देखरेखीखाली रंगवलेली आवृत्तीही निघाली आहे. मुलं रंगाशिवाय बघतच नसतील तर ती लावा. पण माझं मत कृष्णधवलच्या बाजूनं आहे. सावल्यांमुळे ईमिर आसपासच्या जागेत जास्त मुरतो, विशेषतः गोठ्यात.

यानंतर १९३३ चा ‘किंग काँग’ लावा. १३ वर्षांच्या हॅरीहाउसेननं तो पाहिला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. त्यातलं बाहुल्यांचं काम विलिस ओब्रायनचं, पुढे त्याच्याच हाताखाली हॅरीहाउसेन शिकला. काँगच्या अंगावरचे केस सारखे फुरफुरताना दिसतील. फ्रेम बदलताना हात लागून ते विस्कटायचे. टायरॅनोसॉरसला मारल्यावर काँग त्याचा तुटलेला जबडा हातानं उघडमीट करून बघतो, तेवढं चुकवू नका. लढाई संपलेली असते, कथेला त्याची काडीची गरज नसते, आणि नेमका तिथंच काँग कोण आहे ते कळतं.

आणि तरीही मुलं त्या झटक्यावर अडली, तर १९६३ चा ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ लावून टॅलॉसचा प्रसंग दाखवा. टॅलॉस हा काशाचा महाकाय पुतळा. एरवी हालचाल गुळगुळीत व्हावी म्हणून जिवाचं रान करणाऱ्या हॅरीहाउसेननं इथं ती मुद्दाम ताठर ठेवली, कारण धातू तसाच हलणार. चौथऱ्यावर बसलेला तो पुतळा करकरत मान वळवतो तेव्हा आमच्याकडे तरी आजवर कुणीही हसलेलं नाही.