जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलण्याआधी

थिंकपॅड टी४३० लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतः बदलायचा तुमचा उत्साह चांगला आहे, पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा. शेवटी 'यू' असेल तर तो मदरबोर्डावर सोल्डर केलेला, म्हणजे कायमचा डाखलेला आहे, विषय तिथेच संपला. तुमच्या टी४३० मधला आय५-३३२०एम प्रोसेसर मात्र सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खाचेत बसतो, त्यामुळे बदलता येतो.

माझी पसंती आय७-३६३२क्यूएम. दोनाऐवजी चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), आणि वॅट, म्हणजे वीज आणि उष्णता, तेवढेच, ३५. नवखे इथेच फसतात: ४५ वॅटचा स्वस्त मिळाला म्हणून घेतात, मग कूलिंग पुरत नाही. विकत घेताना खाली पिना आहेत ना, फोटोत नीट पाहा. याच नावाची सोल्डरची आवृत्तीही मिळते.

- आधी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, मगच बॅटरी काढा.
- सॉकेटचा स्क्रू सैल करा, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा. चिप अलगद बसते. जोर मुळीच लावू नका, पिना वाकतात.
- जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटारएवढीच.

अजून हार्ड डिस्कच असेल तर पैसे आधी एसएसडीवर, म्हणजे त्याहून वेगवान, फिरते भाग नसलेल्या डिस्कवर घाला. रोजच्या कामात तो फरक जास्त जाणवेल. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगाहून जास्त पळवणं) वगैरे सध्या राहू द्या.