बाबा खोलीतून बाहेरच येत नाहीत

मिसिसागाहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगायचं तर आई दीड वर्षापूर्वी गेली. साताऱ्यात बाबा एकटे कसे राहणार, म्हणून ७१ वर्षांच्या वडिलांना सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना दीर्घकाळ राहता येतं अशा व्हिसावर, कॅनडात आणलं. उन्हाळ्यात बरे होते. दिवाळीनंतर मात्र त्यांनी खोली धरली. पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. जेवणावर वासना नाही. काही विचारलं की म्हणतात, "माझं काय राहिलंय आता, तुम्ही तुमचं बघा." सूनबाई घरूनच काम करतात, दिवसभर त्यांच्यावर ताण असतो. मुलगा विचारतो, बाबांना परत पाठवावं का?

आज नको. त्यांना आत्ता बरं वाटत नाहीये, आणि अशा मनःस्थितीत घेतलेला निर्णय, राहायचा असो की जायचा, पुढे सगळ्यांनाच जड जातो. आधी त्यांची नीट तपासणी होऊ द्या.

त्या पिढीतला माणूस "मला उदास वाटतं" असं सहसा म्हणत नाही. तो पोटाबद्दल बोलतो, गॅसेसबद्दल बोलतो, पाय गळाल्यासारखे वाटतात म्हणतो. हे ढोंग नव्हे. नैराश्यात झोप, भूक, पचन खरोखरच बिघडतं आणि वय झालेल्या माणसात तर पुष्कळदा तेच आधी दिसतं. बायको गेल्याचं दुःख वेगळं. ते भरतीसारखं येतं, पण मधल्या वेळात नातवाच्या बोलण्याला हसू येतं, आवडीचं पिठलं दोन घास जास्त जातं. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, कशातच गोडी उरली नाही, झोप-भूक गेली, आपण सगळ्यांना ओझं झालो असं माणूस बोलू लागला, तर "हळूहळू रुळतील" म्हणत थांबू नका.

"मानसोपचार" हा शब्द काढलात की "मला काय वेड लागलंय?" असं उत्तर येईल. म्हणून "बाबा, तुमची झोप होत नाही, तेवढ्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन येऊ" असं म्हणा. ते खरंही आहे. डॉक्टरांना मात्र सगळं सांगा आणि भारतातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम आणि बी-१२ तपासायला सांगा. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात शाकाहारी असतील तर जास्तच. त्या कमतरतेनेही थकवा येतो, विसरायला होतं, मन खचतं. नैराश्यावरची गोळी सुरू करायची ठरली आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल, तर ते आवर्जून सांगा. या वयात दोन्ही मिळून सोडियम घसरू शकतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त पुन्हा तपासावं लागतं. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. पण गुण यायला काही आठवडे जातात आणि त्या मनाने अचानक बंद करायच्या नसतात. पहिल्या आठवड्यातच "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारी माणसं फार, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

सुपर व्हिसावर आलेल्यांना ओएचआयपी, म्हणजे ऑन्टॅरिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा, लागू नसतो, विमा खाजगी असतो. पॉलिसी काढून आजच वाचा. आधीपासूनच्या आजारांचं काय, मानसिक आजाराचा खर्च मिळतो का, ही दोन कलमं बघा. दुभाष्या मिळेल का हेही क्लिनिकला आधी फोन करून विचारा. तुम्हीच मध्ये बसून भाषांतर केलंत तर बाबा अर्धं मनातच ठेवतील. मुलासमोर रडायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त आहे.

एक प्रश्न मात्र तुम्हीच बाबांना विचारायचा आहे. दोघंच असताना, टीव्ही बंद करून, सरळ विचारा: "बाबा, जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर उपदेश करू नका, आईची शपथ घालू नका. ऐकून घ्या, त्यांना एकटं सोडू नका, गोळ्यांचे डबे तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कॅनडात आत्महत्या रोखण्यासाठीच्या ९८८ या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज केव्हाही करता येतो. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच बोलतात, पण घरातल्या माणसाच्या काळजीने तुम्ही स्वतः फोन केलात तरी ते मदत करतात. धोका समोर दिसत असेल तर तातडीच्या मदतीचा ९११. अमेरिकेतल्या वाचकांसाठीही ९८८ आहे, ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा १३ ११ १४.

आता घरातलं. तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थबकले. सप्टेंबरात बाबांनी स्वतःसाठी पोहे करायला घेतले, फोडणीच्या धुराने अलार्म वाजला, सूनबाई मीटिंग सोडून धावत आल्या. त्यानंतर बाबांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. कुणी त्यांना बोललं नसेलही. पण साताऱ्यात दूध आणणारा, बँकेत पासबुक भरून आणणारा, भाजीवाल्याशी घासाघीस करणारा हा माणूस इथे एक वाटी पोहेसुद्धा कुणाला त्रास न देता करू शकत नाही, हे त्यांच्या मनाने नोंदवून ठेवलं. तुम्ही त्यांना आराम दिलात, प्रेमाने दिलात. त्यात त्यांची सगळी कामं हातातून गेली. मला वाटतं, तुमच्या घरात दुखणं बरंचसं इथेच आहे.

तेव्हा पोहे पुन्हा करू द्या. चिमणी कशी लावायची, खिडकी कोणती उघडायची, अलार्म वाजलाच तर तो कसा बंद करायचा, हे शेजारी उभं राहून दाखवा आणि मग बाजूला व्हा. शनिवारचा नाश्ता त्यांचा, हे ठरवून टाका. घराची किल्ली त्यांच्या खिशात हवी. ज्येष्ठांच्या सवलतीचं प्रेस्टो कार्ड, म्हणजे बसभाड्याचं कार्ड, त्यांच्या नावावर हवं. लायब्ररीपर्यंतचा बसचा रस्ता चार वेळा सोबत जाऊन दाखवा, पाचव्यांदा त्यांना एकटं जाऊ द्या, फोन चालू ठेवून. बर्फावर पाय घसरतो ही भीती रास्त आहे. बुटांना लावायचे काटे मिळतात, आणि रस्ते फारच निसरडे असतील त्या दिवशी मॉलमध्ये चालता येतं. तिथे सकाळी त्यांच्या वयाची बरीच माणसं फेऱ्या मारताना दिसतील.

डिसेंबरात मिसिसागात पावणेआठच्या सुमाराला उजाडतं आणि पावणेपाचला सूर्य मावळतो. पडदे ओढून खोलीत बसलेल्या माणसाला उजेड असा मिळतच नाही. सकाळी आठला बाबा कोट घालून बाहेर पडले, तर साताऱ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, कट्ट्यावरची मंडळी जमलेली असतात. चालता चालता बाबांना त्या मंडळींना फोन लावू द्या. अर्धा तास उजेड आणि अर्धा तास आपली माणसं, दोन्ही एकदम साधतं. मन लागलं की जाईन, असं ते म्हणतील. या आजारात आधी मन लागत नाही, आधी पाय निघावे लागतात. म्हणून वेळ ठरलेली हवी आणि पहिले काही दिवस कुणीतरी सोबत हवं.

सूनबाईंसाठीही दोन वाक्यं. कामाच्या वेळेत दार बंद ठेवण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि सासरे हसत नाहीत हा त्यांचा दोष नाही. संध्याकाळचे दोन तास आणि डॉक्टरांच्या फेऱ्या मुलाने घ्याव्यात, कारण वडील त्याचे आहेत.

परत जाण्याबद्दल दोनेक महिन्यांनी बोला, गुण दिसू लागल्यावर, आणि बाबांशी बोला, त्यांच्याबद्दल आपसात नव्हे. त्यांना साताऱ्यालाच राहायचं असेल तर तो तुमचा पराभव नव्हे. जेवणाचा डबा कोण देणार, रात्री सोबतीला कोण, आजारपणात पहिला फोन कुणाला, एवढं जाण्याआधी नक्की करा. कॅनडातल्या डॉक्टरांकडून औषधांची नावं आणि मात्रा लिहून घ्या, तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर द्या, साताऱ्यातल्या डॉक्टरांची वेळ निघण्यापूर्वीच घ्या. आणि भारत सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये भरून द्या. तिथे मराठीत बोलता येतं.