पूलच्या टेबलावर स्त्री-पुरुष बरोबरी

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून नाइन-बॉल पूल (नऊ क्रमांकित चेंडू काठीने टेबलाच्या कडेच्या पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ) खेळते आणि आमच्या भागातील पार्लरमध्ये तिच्या वयाच्या बहुतेक मुलांना हरवते. मोठ्या स्पर्धांमध्ये मात्र महिलांचा गट वेगळा असतो. वजन उचलण्यात किंवा धावण्यात तो का असावा, हे समजते. पण जेमतेम एकशे सत्तर ग्रॅमचा चेंडू काठीने ढकलायचा, त्यात स्त्रिया व्यावसायिक पातळीवर पुरुषांच्या बरोबरीने का खेळू शकत नाहीत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खेळू शकतात, आणि नियमांचीही फारशी आडकाठी नाही. पूलच्या यूएस ओपनसारख्या ज्या मोठ्या स्पर्धांना आपण सवयीने ‘पुरुषांच्या’ म्हणतो, त्या प्रत्यक्षात सर्वांसाठी खुल्या असतात आणि त्यांत स्त्रिया उतरतातही. तरीही नाइन-बॉलचे खुले जागतिक विजेतेपद आजवर एकाही स्त्रीने मिळवलेले नाही, हेही मान्य करूनच पुढे जायला हवे.

ताकदीचे कारण लोक चटकन पुढे करतात, म्हणून आधी तेच तपासू. 2005 मध्ये तैवानच्या काओश्युंग शहरात वू जिया-चिंग हा मुलगा नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याचे वय होते अवघे 16 वर्षे. जगातील कसलेल्या पुरुषांना त्याने मागे टाकले, ते काही दंडाच्या जोरावर नव्हे. चेंडू पॉकेटमध्ये घालणे, पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी नेमका हव्या त्या वीतभर जागेत थांबवणे, आणि जमत नसेल तेव्हा प्रतिस्पर्ध्याला काहीच दिसू नये असा सेफ्टीचा फटका खेळणे, या तिन्हींत स्नायूंचे काम थोडेच असते.

अपवाद आहे तो ब्रेकचा, म्हणजे डाव सुरू करताना मारायच्या पहिल्या फटक्याचा. नऊ चेंडू एकमेकांना घट्ट चिकटवून हिऱ्याच्या आकारात लावलेले असतात; ते फुटताना एखादा तरी पॉकेटमध्ये जावा, उरलेले मोकळे व्हावेत आणि पांढरा चेंडू टेबलाच्या मध्यावर येऊन थांबावा, अशी खेळणाऱ्याची इच्छा असते. वेग जास्त असेल तर चेंडू अधिक फिरतात आणि एखादा आत जाण्याची शक्यता वाढते. हा वेग पुरुषांना सरासरीने अधिक मिळतो. त्यातही जिंकणाऱ्यानेच पुढचा ब्रेक करायचा असा नियम असेल, तर ब्रेकमधला थोडासा फरकही डावामागून डाव साठत जातो. ब्रेक आलटून-पालटून असेल तर त्याची धार कमी होते. अर्थात वेग वाढला की पांढरा चेंडू हाताबाहेर जातो, त्यामुळे अनेक नामवंत पुरुषही जाणूनबुजून आवरता ब्रेक मारतात.

मला यात सर्वांत बोलका वाटतो तो स्ट्रेट पूल हा प्रकार, ज्यात कोणताही चेंडू आधी सांगून घालायचा आणि ठरलेले गुण आधी पुरे करायचे. त्यात डावाची सुरुवात सहसा दोन-चार चेंडू हलवून पांढरा चेंडू सुरक्षित जागी परत आणण्याने होते. धडाक्याचा ब्रेक तिथे कोणी मारतच नाही. ऑस्ट्रियाच्या यास्मिन औशानने 2008 मध्ये स्ट्रेट पूलच्या खुल्या जागतिक स्पर्धेत पुरुषांमध्ये खेळून तिसरे स्थान मिळवले, तो प्रकार हाच असावा याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्याही आधी ब्रुकलिनची जीन बालुकास वयाच्या नवव्या वर्षी यूएस ओपनच्या महिला गटात उतरली, पुढे 1972 ते 1978 अशी ओळीने सात वर्षे तिने ते विजेतेपद राखले आणि महिलांमध्ये तोडीचे कोणी उरले नाही तेव्हा ती पुरुषांशी खेळू लागली.

टेबलाच्या लांबीचाही प्रश्न काही जण काढतात. नऊ फुटी टेबलाचा खेळण्याचा भाग 100 इंच लांब आणि 50 इंच रुंद असतो. बेताच्या उंचीच्या खेळाडूला काही फटक्यांसाठी रेस्ट, म्हणजे काठी टेकवायला दांड्याचा आधार, घ्यावी लागते आणि रेस्टवरून मारलेला फटका हाताच्या आधाराइतका नेमका बसत नाही. पण हा उंचीचा प्रश्न झाला, आणि फिलिपाइन्स-तैवानच्या कित्येक बुटक्या पुरुषांनी तो केव्हाच सोडवला आहे.

माझ्या मते खरा फरक पडतो तो किती मुली लहानपणापासून, कोणाशी आणि किती तास खेळतात याने. मी तरुण असताना ज्या जिमखान्यात जात असे, तिथे स्त्रियांना व्हरांड्यात चहा मिळे, बिलियर्डच्या खोलीत प्रवेश नसे. इंग्लंडमध्येही व्यावसायिक स्नूकरची दारे स्त्रियांना खुली झाली ती 1991 मध्ये. महिलांमध्ये अजिंक्य ठरलेली अ‍ॅलिसन फिशर पुढे 1995 मध्ये अमेरिकेत जाऊन पूलकडे वळली. दहा हजार मुलांतून निघालेला सर्वोत्तम आणि दोनशे मुलींतून निघालेली सर्वोत्तम यांची तुलना करून आपण निष्कर्ष काढतो, तेव्हा नैसर्गिक कुवतीविषयी फारसे काही कळत नाही. स्नूकरमध्ये 2015 च्या विश्वविजेतेपदाच्या पात्रता फेरीत महिलांची विश्वविजेती रिॲन इव्हान्स पुरुषांमधील माजी विश्वविजेत्या केन डोहर्टीकडून हरली, तीही 10-8 अशा निसटत्या फरकाने.

प्रश्न : मग महिलांचा स्वतंत्र गट बंदच का करू नये?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आज तो बंद केला, तर बक्षिसाची रक्कम, प्रायोजक आणि दूरचित्रवाणीवरील जागा या तिन्ही गोष्टी बहुतेक स्त्रियांच्या हातून जातील आणि टेबलाकडे येणाऱ्या मुली आणखी घटतील. दुसरे म्हणजे, शरीराचा संबंध मुळीच नाही, असे मीही वर म्हटलेले नाही. इंग्लंडमधील एका न्यायालयाने 2025 मध्ये, महिला गटातून वगळलेल्या एका पारलिंगी (ट्रान्सजेंडर) खेळाडूच्या दाव्यात, पूल हा लिंगभेदाचा परिणाम होणारा खेळ आहे असा निर्णय दिला. ब्रेकपुरते मला ते पटते. उरलेल्या खेळाबाबत माझे मत वेगळे आहे. तूर्त महिलांचा गट राहावा आणि खुला गट खरोखर खुला असावा, म्हणजे प्रवेशशुल्क, वेळापत्रक आणि सरावाचे टेबल यांत आडकाठी नसावी.

ठाण्याच्या वाचकांना एक सुचवतो. मुलीला दोन्ही गटांत नाव देऊ द्या. मात्र पार्लरमधील टेबल सात फुटी असेल, तर आठवड्यातून दोनदा तरी नऊ फुटी टेबल मिळेल अशी सोय पाहा, आणि ब्रेक रोज पन्नास वेळा मारायला लावा. किती चेंडू गेले यापेक्षा पांढरा चेंडू कुठे थांबला, ते वहीत लिहून ठेवायला सांगा.